इंजिनाविना भरारी : हाना राइच

विमान म्हटलं की आपल्याला आधी इंजिन आठवतं. पण इंजिनाशिवाय तासन् तास आकाशात राहणारी माणसंही होऊन गेली. जर्मनीची हाना राइच ही त्यातली सर्वांत गाजलेली.

तिचा जन्म १९१२ चा, हिर्शबर्गचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील डोळ्यांचे डॉक्टर. हानानेही मेडिकलला प्रवेश घेतला, पण मन रमलं ते जवळच्या ग्रूनाऊच्या ग्लायडिंग शाळेत. तिथे वोल्फ हिर्थ हा तिचा गुरू. त्या काळी टेकडीवर पोरं रबरी दोर ताणत उताराकडे धावायची आणि ग्लायडर गोफणीतल्या दगडासारखं सुटायचं. एकाने उडायचं तर बाकीच्यांनी घाम गाळायचा. एकट्याचं तिथे कामच नव्हतं!

पुढे तिने कमालच केली. १९३७ मध्ये ग्लायडरने आल्प्स ओलांडला. १९३८ मध्ये बर्लिनच्या बंदिस्त सभागृहात हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. १९४२ मध्ये रॉकेट विमानाची चाचणी घेताना कोसळली, जबर जखमी झाली, तरी बरी होऊन पुन्हा कॉकपिटमध्ये बसली.

पण हे सगळं कौशल्य तिने कोणाच्या पायाशी वाहिलं? हिटलरच्या. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनला वेढा पडलेला असताना ती विमानाने त्याच्या बंकरपर्यंत गेली. युद्धानंतर अमेरिकनांच्या कैदेत राहिली. पण त्या राजवटीशी आपण निष्ठा ठेवली हे चुकलं, असं तिने शेवटपर्यंत मोकळेपणाने मानलं नाही.

१९५९ मध्ये ती भारतात आली, दिल्लीत पंडित नेहरूंना ग्लायडरमधून फिरवून आणलं. मग घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांनी तिला बोलावलं. अक्राजवळच्या आफिएन्या इथे तिने तरुणांसाठी ग्लायडिंग शाळा उभी केली. आधी हाताने मॉडेल विमानं बनवायची, मग खरं ग्लायडर. वेळ पाळणं, यंत्राची निगा राखणं आणि दुसऱ्याच्या उड्डाणासाठी राबणं हाच खरा अभ्यासक्रम. कृष्णवर्णीय माणूस आपला मित्र होऊ शकतो हे पूर्वी मनातही आलं नसतं, अशी कबुली तिने नंतर दिली. मुलांना शिकवता शिकवता बाई स्वतःही थोडं शिकली म्हणायची. मात्र इथेही सत्तेवरचा माणूस पारखायला ती विसरलीच. १९६४ मध्ये घानात एकपक्षीय राजवट आली, तरी तिची एन्क्रुमांवरची भक्ती ढळली नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने त्यांची सत्ता उलथली आणि हानाला देश सोडावा लागला. १९७९ मध्ये फ्रँकफर्टला तिचं निधन झालं.

आपणही उद्या यंत्रं बनवणार, चालवणार. लिफ्ट-ड्रॅगची गणितं इथे शिकवली जातात. पण आपलं कौशल्य कोणाच्या कामी येतंय, हा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नसतो. तो ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो. हानाच्या हातात जादू होती, पण त्या पेपरात ती नापास झाली.