कान्होजी आंग्रे : हर्णैसमोरच्या किल्ल्यातून दर्या राखणारा सरखेल

उंद्री (प्रतिनिधी) : रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात हर्णै हे मासेमारीचं गाव आहे. तिथं मासळीच्या होड्या पाण्यातच थांबतात अन् माल काठावर आणायला बैलगाड्या समुद्रात घालतात. आपले बैल वावरात, तिकडचे खाऱ्या पाण्यात! लिलाव वाळूवरच होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला आहे. कान्होजी आंग्रे यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते इथंच. ४ जुलै ही त्यांची पुण्यतिथी.

जन्म १६६९ चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. हे आरमार उभं करणारे महाराज म्हणजे आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे पुत्र, म्हणून ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

पुढं स्वराज्यावर वाईट दिवस आले. जंजिऱ्याच्या सिद्दीनं सुवर्णदुर्गाला वेढा दिला. किल्लेदार फितूर व्हायला निघाला, तेव्हा तरण्या कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला लढवला, असं सांगतात. १६९८ च्या सुमारास त्यांना सरखेल म्हणजे आरमारप्रमुख हे पद मिळालं.

त्यांच्या गुराबा अन् गलबतांवर माणसं कोण? कोळी, भंडारी, म्हणजे किनाऱ्यावरचीच पोरं. वारा, भरती, खडक सगळं तोंडपाठ. आपल्याकडं पाऊस म्हणजे कामाचा हंगाम, तिकडं मात्र पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या. नारळी पुनवेनंतर पुन्हा दर्या.

कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी जहाजानं या किनाऱ्यावरून जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. आपल्याच समुद्रावर कर घेणारा चाचा कसा? १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेव्हाही हात हलवत परत गेले.

आधी कान्होजी ताराबाईंच्या बाजूनं होते. बाळाजी विश्वनाथ हे पेशवे मूळचे श्रीवर्धनचे, त्याच किनाऱ्यावरचे. त्यांनी १७१३-१४ मध्ये बोलणी करून कान्होजींना शाहू महाराजांकडं आणलं. १७२९ मध्ये कान्होजी वारले. समाधी अलिबागला आहे.

त्यांच्या मागं पोरांत भाऊबंदकी लागली. धुऱ्यावरून भांडणारी घरं आपण रोजच पाहतो, इथं तर अख्खं आरमार वाटलं गेलं. धाकटे तुळाजी अन् पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांनी तुळाजींचं आरमार जाळलं. मराठ्यांची गलबतं जळत होती अन् मराठ्यांचीच फौज इंग्रजांच्या बाजूला होती. तुळाजी कैदेतच मेले.

सुवर्णदुर्गाचा तट अजून उभा आहे. पावसाळा सोडून हर्णैहून होडीनं जाता येतं.