एका चिमट्याची किंमत

रोगप्रतिबंधाच्या हिशेबात एक चमत्कारिक अडचण असते. त्यावरचा खर्च वहीत दिसतो, त्यामुळे टळलेली हानी मात्र कोणत्याच वहीत दिसत नाही. उपचार घेताना जडणाऱ्या संसर्गाबाबत तर हे विशेषच खरे आहे. मुंबईत परळ येथील संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांच्या चरित्रातून याची प्रचीती येते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःच टोचून घेतली.

कीर्ती शिखरावर असतानाच घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. मुंबईच्या प्रयोगशाळेत कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची अधिक वेगवान पद्धत स्वीकारलेली होती. तिच्यावर ठपका आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुराव्याची छाननी झाली, तेव्हा निराळेच सत्य उघडकीस आले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडली व ते दोषमुक्त झाले. परंतु मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा लाभली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

चिमटा नीट निर्जंतुक करण्यास थोडा वेळ आणि थोडे सरपण पुरले असते. ते वाचले, पण त्याची किंमत मोजली १९ कुटुंबांनी, एका निरपराध शास्त्रज्ञाने आणि लसीवरील लोकांच्या विश्वासाने. काटकसर एकाची व हानी दुसऱ्याची, असा हा व्यवहार होता.

रुग्णालयांत आजही याहून वेगळे घडत नाही. अमडापूरच्या एखाद्या शेतमजुराच्या शस्त्रक्रियेच्या जखमेत संसर्ग झाला, तर सरकारी रुग्णालयाच्या दप्तरी खाट आणखी काही दिवस अडली एवढेच दिसते. खाजगी रुग्णालयात तर वाढलेल्या दिवसांचे बिलही होते. त्याची व सोबतीला राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आणि औषधांसाठी काढलेले कर्ज मात्र कोणीच मोजत नाही. म्हणूनच साबण, स्वच्छ पाणी, ऑटोक्लेव्ह आणि पुरेशा परिचारिका यांवरील तरतुदीला प्रथम कात्री लावणे हा हिशेबाचा आंधळेपणा होय. प्रत्येक रुग्णालयाने अशा संसर्गाची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करावी, असे बंधन शासनाने घातले पाहिजे. ज्या हानीचा आकडा पुढे येत नाही, ती टाळण्यासाठी अंदाजपत्रकात पैसा कधीच निघत नाही.