कलामहर्षी बाबूराव पेंटर : वस्त्रप्रावरणांतून चित्रपट रचणारा चित्रकार

ज्याचे सारे आयुष्य रंगांच्या सहवासात गेले, त्याने आपली कीर्ती अशा माध्यमात मिळवावी की ज्यात रंगच नव्हता, हा नियतीचा एक नवलाचा खेळच म्हटला पाहिजे. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच कै. बाबूराव पेंटर, यांच्या वाट्याला तो आला.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. चित्रकलेचे रीतसर शिक्षण बाबूरावांना लाभले नाही. घर हीच त्यांची कलाशाळा झाली. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी रंगविलेल्या पडद्यांनी त्यांचे नाव सर्वदूर नेले आणि पेंटर हीच उपाधी आडनाव होऊन बसली. दिव्यांच्या प्रकाशात शालूची जर कशी उजळते, शेल्याच्या चुण्या कुठे सावली धरतात, हे पाहण्याची दृष्टी त्यांना या उमेदवारीतच लाभली असावी.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याचे बळ नव्हते. तेव्हा तो आपणच घडवावा असे त्यांनी ठरविले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली निवर्तले. बाबूरावांनी मात्र हाती घेतलेले काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये झळकला. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा बाबूरावांचा आग्रह. लोकापवाद सोसून गुलाबबाई आणि अनसूयाबाई कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

त्यांची कार्यपद्धती चित्रकाराचीच होती. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, त्यांच्या हालचालींची आणि वेषभूषेची रेखाटने करीत. पात्र आधी कागदावर उभे राही आणि मगच कॅमेऱ्यापुढे. ही पूर्वतयारी केवळ हौस नव्हती. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिका पडे. डोळ्यांना देखणा वाटणारा पोषाख पडद्यावर काळवंडून जाण्याचा धोका असे. म्हणून वस्त्र निवडताना त्याच्या रंगाबरोबर त्यातून निपजणाऱ्या छायेचाही हिशेब मांडावा लागे. रंगीत पडद्यांच्या जागी त्यांनी भरीव, घडीव नेपथ्य आणले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीचे प्रसंग टिपले. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वहस्ते रंगवीत. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे भित्तिपत्रक आजही रसिकांना मोह घालते.

मात्र त्यांच्या कलेची खरी कसोटी लागली ती ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये. नारायण हरी आपट्यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात जरतारी अंगरखे नव्हते, मुकुट नव्हते. सावकाराने जमीन गिळंकृत केलेला आणि पोटासाठी शहराची वाट धरणारा एक शेतकरी त्यात होता. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. वैभवाचे पोषाख रेखाटणाऱ्या हाताने आता दारिद्र्याची वस्त्रे रेखाटली. पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्या धगधगीत वास्तवाचे म्हणावे तसे स्वागत केले नाही आणि बाबूरावांना पुन्हा भरजरी वेषांच्या कथांकडे वळावे लागले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे शल्य कोणते असेल, तर ते हेच. तरी त्या कथेवरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. १९३६ मध्ये त्यांनी तोच विषय बोलपटाच्या रूपाने पुन्हा मांडला.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या सहकाऱ्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. गुरूची संस्था मावळली, परंतु तिचे संस्कार प्रभातच्या नेपथ्यातून आणि वेषभूषेतून अवघ्या देशाने पाहिले. बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे बोलपट निर्मिले आणि चित्र व शिल्प यांची साधना चालू ठेवली. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कालवश झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज काळाच्या उदरात गडप झाले आहेत. ‘सावकारी पाश’चा मूळ मूकपटही उरलेला नाही. परमुलखात जन्मलेल्या आपल्या मुलाबाळांना ते दाखविता येणार नाहीत. पण एका कारागिराच्या मुलाने स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडविला आणि फाटक्या वस्त्रातही जरीइतकेच सत्य पाहिले, एवढे तरी त्यांना अवश्य सांगता येईल.