करमसदचे घर आणि सरदार

गुजरातेत करमसद गावी सरदार वल्लभभाई पटेलांचे वडिलोपार्जित घर जपून ठेवले आहे. ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियादला आजोळी जन्मलेले वल्लभभाई याच शेतकरी घरात वाढले. १९०९ साली पत्नी झवेरबा वारल्या. पदरी दोन लहान मुले होती, तरी त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले.

१९१८ साली त्यांच्या खेडा जिल्ह्यातच पीक बुडाले. पीक चार आण्यांहून कमी आले तर शेतसारा तहकूब व्हावा असा नियम होता, तरी वसुली चालूच राहिली. तेव्हा चालती वकिली बाजूस सारून वल्लभभाई गांधीजींबरोबर गावोगाव हिंडले. अखेर गरिबांची वसुली थांबली.

१९२८ साली बार्डोलीत सारा २२ टक्क्यांनी वाढला. जप्तीवाले म्हशी ओढून नेत, म्हणून घरोघर माणसे गुरांसह दारे लावून आत कोंडून राहिली. दुभते जनावर गेले की पोरांच्या तोंडचे दूध जाते, हे आपणांस का सांगायला हवे? भर उन्हाळ्यात असे घर सांभाळणाऱ्या त्या बायांचे धैर्य मला लढाईइतकेच मोठे वाटते. चौकशीअंती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. बार्डोलीनेच त्यांना सरदार केले.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत ते निवर्तले. करमसदला जाणे झाले तर त्या घराच्या उंबऱ्याशी बार्डोलीच्या बायांनाही आठवावे, एवढीच माझी विनंती.