हिशेबात चुकलेल्या दोन फेऱ्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सेक्रेटरींचा निरोप आला तेव्हा मी बँकेतल्या गमतीजमती लिहायच्या ठरवल्या होत्या. पण मध्ये सुट्टीत नातू आला. गाड्या बोलतात त्या 'कार्स' सिनेमाचा तिसरा भाग त्याने मला शेजारी बसवून दाखवला. त्यात रिव्हर स्कॉट नावाची एक म्हातारी गाडी आहे. "आजोबा, ही गाडी म्हणजे खराखुरा माणूस होता," असं त्याने सांगितलं, आणि मला त्या माणसाचा नाद लागला. त्याचं नाव वेंडेल स्कॉट.

तो १९२१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल गावी जन्मला. कृष्णवर्णीय घर. वडील गाड्या चालवायचे आणि दुरुस्तही करायचे, त्यामुळे पोरगा लहानपणापासून पान्ह्यांशी खेळला. गावात कापडाच्या गिरण्या आणि तंबाखूचे कारखाने होते, पण भोंगा वाजला की आत जायचं हे त्याला नको होतं. त्याने टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात सैन्याच्या गाड्या दुरुस्त करत होता. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यातही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. परत येऊन त्याने गॅरेज टाकलं. मेरीशी लग्न झालं, सात मुलं झाली.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. गॅरेजवर भागेना म्हणून हा गृहस्थ रात्री हातभट्टीची दारू पोचवायचा. वरून साधी दिसणारी, पण इंजिनात कारागिरी केलेली गाडी, आणि मागे पोलीस. स्टॉक कार रेसिंगचे सुरुवातीचे कितीतरी ड्रायव्हर याच शाळेत शिकले. त्या काळी स्टॉक कार म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेली नव्हे, तर दुकानात मिळायची तीच गाडी, शर्यतीसाठी सुधारून घेतलेली. स्कॉट एकदा पकडलाही गेला होता.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतींच्या आयोजकांना गर्दी जमवायची होती. एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर लोक बघायला येतील, असा हिशेब. त्यांनी पोलिसांनाच विचारलं, जोरात गाडी हाकणारा असा कोणी आहे का? पोलिसांनी ज्याचा वर्षानुवर्षं पाठलाग केला होता त्याचंच नाव सांगितलं! प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, पण त्याला शर्यतीची गोडी लागली. १९५९ मध्ये तो व्हर्जिनियाच्या स्पोर्ट्समन गटात राज्य विजेता झाला आणि १९६१ मध्ये नासकार या संस्थेच्या सर्वांत वरच्या गटात उतरला.

वरचा गट म्हणजे पैशाचा खेळ. बाकीच्यांच्या मागे मोटार कंपन्या, याच्या मागे घरची माणसं. जुनी गाडी विकत घ्यायची, स्वतः उघडून बांधायची, शर्यतीत मुलांनी टायर बदलायचे. वाटेत कित्येक हॉटेलं काळ्यांना घेत नसत, म्हणून डबा घरचा आणि झोप गाडीत. काही मैदानांवर तर शर्यतीतच घेतलं जात नसे. चांगले टायर परवडत नसत, गाडी फुटली तर पुढची शर्यत कशाने खेळणार ही धास्ती. अशा स्थितीत १९६६ मध्ये तो वर्षाच्या गुणतक्त्यात सहावा आला.

पण मला लिहायचंय ते १ डिसेंबर १९६३ बद्दल. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. स्कॉटने रिचर्ड पेटीसारख्या बड्या ड्रायव्हरला मागे टाकलं आणि शेवटपर्यंत पुढे राहिला. २०० फेऱ्या झाल्या तरी त्याला झेंडा दाखवेनात. त्याने आणखी दोन मारल्या. झेंडा मिळाला बक बेकरला. ट्रॉफी, फोटो, सगळा सोहळा बेकरचा. स्कॉटने हरकत घेतली. काही तासांनी, मैदान रिकामं झाल्यावर, फेऱ्या मोजताना चूक झाली आणि विजेता स्कॉट, असं जाहीर केलं. बक्षिसाची रक्कम मिळाली, ट्रॉफी मात्र गेली ती गेलीच. भर मैदानात काळ्या माणसाच्या हातात ट्रॉफी द्यायची नव्हती, हे त्या काळात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

वरच्या गटात जवळजवळ ५०० शर्यती आणि त्यातला हा एकच विजय. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यात तो जबर जखमी झाला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. १९७७ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. डॅनव्हिलमध्ये गॅरेज चालवत राहून १९९० साली तो कॅन्सरने गेला. २०१५ मध्ये नासकारने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलच्या विजयाची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाला दिली. जवळजवळ ५८ वर्षांनी! त्याच वर्षी ऑक्टोबरात बबा वॉलेसने टॅलाडेगाला शर्यत जिंकली. वरच्या गटात स्कॉटनंतरचा हा पहिला कृष्णवर्णीय विजेता.

आम्ही बँकवाले चुकीच्या बाबतीत कडक. चार आण्यांचा फरक असला तरी शाखा रात्री उघडी राहायची. एकदा माझ्या शाखेत सहा महिने बॅलन्सिंग जुळत नव्हतं. एका क्लार्कने तीन रात्री बसून जुनी व्हाउचरं उपसली आणि दोनदा पोस्ट झालेली एक रक्कम शोधून काढली. रिपोर्ट मी लिहिला. त्यात त्याचं नाव घातलं नाही. मुद्दाम नव्हे असं मी स्वतःला सांगत आलो, पण शाबासकीचं पत्र माझ्या नावाने आलं तेव्हाही मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत तो गेला.

स्कॉटची हकिकत समजल्यावर झोप लागेना. जुन्या सहकाऱ्यांकडून पत्ता मिळवून मी त्याच्या मुलाला पत्र लिहिलं, ती तीन रात्रींची गोष्ट होती तशी. उत्तर अजून आलेलं नाही. आलंच पाहिजे असंही नाही.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतही पुष्कळांनी अशा जास्तीच्या फेऱ्या मारल्या आहेत. पाइप फुटला तेव्हा पहाटेपर्यंत टाकीत उतरलेला प्लंबर, कन्व्हेयन्ससाठी चपला झिजवलेले जुने कमिटी मेंबर, रात्रपाळीचे वॉचमन. या समारंभात त्यांची नावं माइकवरून, सगळ्यांसमोर घ्यावीत, एवढी माझी कमिटीला विनंती आहे. मैदान भरलेलं आहे तोवर.