चिमणीचा एक प्रश्न आणि खान्देशचा रानपिंगळा : डॉ. सालिम अली

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल पालला गेली होती. पाल म्हणजे रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव, यावल अभयारण्याच्या जंगलात वसलेलं. एका सागाच्या झाडावर छोटासा पक्षी बसला होता. सहावीतल्या एका मुलाने विचारलं, सर, हा कोणता पक्षी? मला माहीत नव्हतं. पण तसं न सांगता मी म्हणालो, असेल कुठलातरी, चल लवकर, बस थांबलीय. मुलगा गप्प झाला. नंतर दिवसभर त्याने मला काहीच विचारलं नाही.

ही गोष्ट मला अजून टोचते. कारण मी वर्गात दरवर्षी १२ नोव्हेंबरला ज्यांच्याबद्दल सांगतो, त्या डॉ. सालिम अलींचं सगळं आयुष्य अशाच एका प्रश्नातून घडलं.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सगळ्यात लहान. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. या यतीम मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. तय्यबजी घराणं मोठं. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

मामूंना शिकारीचा शौक होता. भाच्याला त्यांनी छर्‍याची बंदूक दिली. एके दिवशी सालिमने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तर गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मुस्लिम घरातलं पोर, साहजिकच मनात आलं की ही खायला चालेल का, हलाल आहे ना? तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला.

मामूंनाही ती ओळखता आली नाही. पण त्यांनी पोराला झिडकारलं नाही आणि ठोकून काहीतरी उत्तरही दिलं नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, सचिव मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. मग सोसायटीतले भुसा भरून ठेवलेले पक्षी एक एक करून मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. घाबरत आत गेलेला तो मुलगा पुढे आयुष्यभर त्या संस्थेचा झाला.

आता पालकांनी इकडे लक्ष द्यावं. हा मुलगा अभ्यासात काही हुशार नव्हता. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं पास झाला. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात तवॉयला गेला. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, पण त्याचं लक्ष जंगलातल्या पाखरांकडे. १९१७ मध्ये मुंबईला परत येऊन हिशेब आणि व्यापारी कायदा शिकला. सोबत सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्रही शिकला. १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना वस्तूंची माहिती सांगायची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, लग्न झालेलं आणि हातात नोकरी नाही. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाला लोक काय काय बोलले असते, विचार करा.

तहमीना बेगम मात्र पाठीशी उभ्या राहिल्या. दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी ज्या खोप्यावर कविता केली, तोच हा खोपा. सालिम अली पावसाळाभर तासन् तास ते खोपे बघत बसले आणि नोंदी करत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो आणि मग दुसरा विणायला घेतो. या अभ्यासाने पक्षीशास्त्रात त्यांचं नाव झालं.

पुढे त्यांनी संस्थानांना सांगितलं की मला मेहनताना नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी संस्थानं त्यांनी पालथी घातली. तंबूत आणि बैलगाडीत तहमीना बेगम सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्यांचं निधन झालं. सालिम अली खचले, पण काम सोडलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यामुळे साध्या माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. नंतर अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ पूर्ण केला.

त्यांच्या शब्दाला वजन आलं ते असं. भरतपूरचं पाणथळ वाचवण्यासाठी ते झटले, आज तिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणूनही त्यांनी आवाज उठवला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. पदवी नाही म्हणून नोकरी नाकारलेल्या माणसाला विद्यापीठांनी बोलावून डॉक्टरेट दिल्या.

एक शोध मात्र त्यांच्या हातून राहून गेला, आणि तो आपल्या खान्देशशी जोडलेला आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशात त्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. १९७०च्या दशकात रिप्ले आणि सालिम अली यांनी त्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत सालिम अलींचा इंतकाल झाला. तोपर्यंत हा पक्षी संपला असंच बरेच जण मानत होते.

दहाच वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. रासमुसेनबाईंनी आधी म्युझियममधले जुने नमुने तपासले होते. १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना चोरीचा आणि त्याच्यावरचं गाव खोटं निघालं. त्या खोट्या नोंदीमुळे लोक भलतीकडेच शोधत होते. म्हणजे बघा, एका माणसाने खोटं लिहून ठेवलं आणि किती जणांची मेहनत वाया गेली! पुढे तोरणमाळ आणि आपल्या यावलच्या जंगलातही हा पक्षी आढळला. हे घुबड दिवसाही फिरतं, सागाच्या विरळ रानात राहतं आणि आज त्याचं अस्तित्व धोक्यात आहे.

आपल्याकडे अजूनही घुबड दिसलं की काही लोक मनहूस म्हणून दगड उचलतात. प्यारे नबी (स.) यांनी घुबडाच्या अपशकुनाची समजूत साफ नाकारली आहे, हे निदान आपल्या घरात तरी मुलांना सांगायला हवं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. त्या दिवसांत मुलांना पालला न्या किंवा शिरपूर तालुक्यातल्या अनेर अभयारण्यात न्या. वनखात्याला विचारून, सकाळी लवकर जा. मोबाइलवर गाणी नकोत, भडक कपडे नकोत. सोबत एक वही ठेवा आणि दिसेल ते खरं खरं लिहू द्या.

त्या सहावीतल्या मुलाला मी नंतर वर्गात बोलावून सांगितलं की तो पक्षी मलाही माहीत नव्हता. मग ग्रंथालयातून चित्रांचं पुस्तक काढून दोघांनी शोधलं. नक्की काही ठरलं नाही. यंदा तो वही घेऊन येणार आहे, आणि मीही.