रामचंद्रपंत अमात्य आणि राजधर्म

रामचंद्र नीळकंठ अमात्य बावडेकर हे नाव आपल्या ज्ञातीत आदराने घेतले जाते. संताजी-धनाजींच्या पराक्रमामागे पंतांचा कारभार उभा होता, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु राजाची सत्ता कोठवर, प्रजेचे कर्तव्य कोणते आणि या दोहोंमध्ये वतनदाराचे स्थान काय, याविषयी पंतांनी जो विचार मांडला त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो आपणांस थोडा झोंबतो, हेही कारण असेल. कारण आपल्यापैकी कित्येक घराणी कुलकर्णी-देशपांड्यांचीच आहेत.

पंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींचे मुजुमदार. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्यपद पंतांकडे आले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले राज्य असे होते की, तेथे चाकरी करणारास शक्यतो रोख वेतन मिळे, जमीन तोडून दिली जात नसे. आणि वतनदारांचे हुडे-वाडे पाडून त्यांना इतर रयतेप्रमाणे साध्या घरांत राहावयास लावले होते.

ही घडी १६८९ मध्ये विस्कटली. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. महाराष्ट्रातील सर्व कारभार पंतांवर आला; त्यांना हुकूमतपनाह हा किताब होता. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या जोडीस होते. खजिना रिता, फौज विखुरलेली आणि समोर खुद्द औरंगजेब. बादशहा मराठे सरदारांना वतनांची व मनसबीची लालूच दाखवी. तिला उतारा म्हणून छत्रपतींच्या बाजूनेही वतने व इनामे देणे भाग पडले. जो प्रांत सोडवाल त्यात तुमचा वाटा, या आशेने माणसे घराबाहेर पडली. राज्य वाचले, पण शिवछत्रपतींनी जे निग्रहाने टाळले होते तेच पंतांच्या कारकिर्दीत घडले. आम्ही त्यांस दोष देत नाही. दुसरा मार्ग त्या घटकेला होता असे आम्हांस वाटत नाही.

पुढील राजकारण थोडक्यात सांगतो. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले. पंत ताराबाईंच्या पक्षास राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर बसले. या तरुण राजाच्या नावाने १७१५ मध्ये निघालेले आज्ञापत्र परंपरेने पंतांच्या लेखणीचे मानले जाते.

या ग्रंथातील राजा सर्वसत्ताधीश आहे खरा, पण मनस्वी नाही. राज्य त्याला उपभोगासाठी मिळालेले नसून प्रजेच्या रक्षणासाठी ईश्वराने त्याच्या हाती सोपविले आहे, ही त्यातील मूळ धारणा. सावकारांना त्यात राज्याची शोभा म्हटले आहे आणि टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नये असे बजावले आहे. तो इशारा किती दूरदर्शी होता, हे पुढील शंभर वर्षांनी दाखविले.

वतनदारांविषयीचे प्रकरण मात्र वाचकांनी अवश्य वाचावे. वतनदार हे नावाचे प्रजाजन, वस्तुतः लहान लहान राजेच होत, असे ग्रंथकार सांगतो. आहे त्यात त्यांना समाधान नाही. दुबळ्यास ते नाडतात, आणि परचक्र आले की वतन राखण्यासाठी शत्रूशी आधी संधान बांधतात. म्हणून त्यांना स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे. चाकरीबद्दल भूमी इनाम देऊ नये, कारण दिलेली भूमी परत येत नाही आणि राज्य तेवढ्याने उणे होते. ज्या हाताने सनदा दिल्या गेल्या, त्याच हाताने हे लिहिले असेल तर त्यामागे पंचवीस वर्षांचा कटू अनुभव आहे. खुद्द पंतांच्या वंशाकडेही बावड्याची जहागीर पिढ्यानपिढ्या चाललीच! आपली परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या मुंबई कायद्याने गेली तेव्हा अनेक वडीलधाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्या वतनांवरचा आक्षेप दिल्लीहून वा मुंबईहून प्रथम आला नव्हता, पन्हाळ्यावरून आला होता, हे त्यांच्या ध्यानी नसावे.

राजाच्या हातालाही हा ग्रंथ आवर घालतो. आरमारास लाकूड हवे; आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी. तरी त्या झाडांना हात लावू नये, असा हुकूम आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती बळाने तोडल्यास त्या दुःखाला अंत राहत नाही. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. छत्रपतीने कुणब्याच्या परसातील झाडासाठी त्याची संमती मागावी, ही अपेक्षा १७१५ मधील आहे.

पंतांची समाधी पन्हाळगडावर आहे.